दोन डिस्क, एक आवाज

६ जानेवारी, शंकर नगर, रायपूर

वनमाला निरंजन डोरले, तुझ्या पश्चात मी घर बदलले, हे प्रथम तुला कळवितो. गुढियारीतील घरात तुझ्या नसण्याला जागा पुरेना. हे घर पहिल्या मजल्यावर असून हवेशीर आहे. स्वयंपाकघराच्या भिंती निळ्या आहेत. तुला तो रंग कधीच रुचला नसता. खाली घरमालक भैय्यालालजी राहतात. त्यांचे गोल बाजारात कापडाचे दुकान आहे. माझी खोकी त्यांनी स्वतः वर आणली. मी उचलू लागलो, तर म्हणाले, “डोरले भाऊ, राहू द्या. तुमची कंबर मोडली तर दवाखान्यात डबा मलेच आणावा लागंल.” कित्येक महिन्यांनी मी हसलो.

तुझ्या सर्व चित्रफिती ज्या काळ्या पेटीत साठविल्या आहेत, ती बैठकीत ठेवली आहे. घरातल्या नेटवर्कवर ती सुरळीत चालते. तुझा फोन दवाखान्यातच हरवला. त्यामुळे तुझा आवाज आता जगात त्या पेटीतल्या एका डिस्कवरच आहे. ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. पेटीत दुसऱ्या डिस्कची खाच रिकामी आहे.

९ जानेवारी

मंजिरीने पुण्याहून दुसरी डिस्क पाठविली. जुनीच्याच कंपनीची, त्याच क्षमतेची, मोहोरबंद. आपली लेक फोनवर सूचना देत होती: पेटी आधी बंद करा, जुन्या डिस्कचा क्रमांक टिपून ठेवा, नवी जोडण्यापूर्वी एक प्रत तिसरीकडे काढा. तिसरी जागा माझ्यापाशी नव्हती. क्रमांकाची अक्षरे फार बारीक होती, म्हणून ओळखीसाठी जुन्या डिस्कला मी कुंकू लावले. तू सवाष्ण गेलीस; तो तुझा मान आहे.

नवी डिस्क बसविल्यावर पडद्यावर सूचना आली, की तिच्यावर आधीचा मजकूर आहे, तो पुसावा काय. मोहोर तर मी स्वतः फोडली होती. मंजिरी म्हणाली, “कंपनी का कुछ होगा पापा, मिटा दीजिए ना.”

वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्या माणसाचे काही टाकायचे नाही, पुसायचे नाही, अशी आपल्या घरची रीत आहे. तुझी अर्धी पावडरची डबीसुद्धा मी सोबत आणली आहे. शिवाय ते बटण नेमके कोणत्या डिस्कसाठी आहे, याची मला खात्री पटेना. मी दुसरा पर्याय निवडला: दोन्हींवरील मजकूर एकत्र राखावा, आणि एकीवरील बदल दुसरीवर उतरावा. मंजिरीला हे सांगितले नाही.

१२ जानेवारी

पाटवडीची चित्रफीत लावली. ती मला तोंडपाठ आहे. तू कढईवरून नजर न काढता म्हणतेस, “काहून शूटिंग करून राहिले जी? थांबवा ना आता.” आणि हसतेस. शब्द तेच होते, हसणेही तेच होते. परंतु तुझ्यामागची भिंत निळी होती.

गुढियारीतील आपली भिंत पिवळी होती. या घरात तू कधी पाऊलही टाकलेले नाहीस.

घराची दुसरी किल्ली भैय्यालालजींपाशी असते. मी बाजारात गेलो असता पेटीला कोणी हात लावला असेल काय? मंजिरीचा नवरा संगणकातला जाणकार आहे. हल्ली असल्या करामती सहज करता येतात, असे ऐकतो.

१५ जानेवारी

मंजिरीला स्पष्ट विचारले. ती रडत म्हणाली, “मम्मी की आवाज़ के साथ मैं खेल करूँगी, पापा? मुझे चोर समझ लिया?” मी क्षमा मागितली नाही.

इंटरनेटची तार काढून टाकली आहे. दाराला माझे स्वतःचे कुलूप लावले. त्याची एकच किल्ली आहे व ती माझ्या गळ्यात आहे.

१८ जानेवारी

आज पाहिलेल्या सर्व फिती याच घरातील आहेत. मंजिरीचे लग्न, आपली रामटेकची सहल, सारे याच खोल्यांत घडते आहे. पाटवडीच्या फितीत तू आता हसत नाहीस. कढईकडे पाहत नाहीस. माझ्याकडे पाहतेस आणि म्हणतेस, “थांबवू नका.”

आवाज तुझाच आहे. चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. न हसू, न दुःख. धुतलेल्या पाटीसारखा.

१९ जानेवारी

भैय्यालालजींना विचारले, येथे पूर्वी कोणी वारले आहे काय. ते म्हणाले, “भुताचं भाडं मी वेगळं घेतो, भाऊ.” मग थट्टा सोडून म्हणाले, वहिनी आल्या हे बरे झाले, दुपारभर त्यांचे बोलणे खाली ऐकू येते. मी म्हटले, त्या जुन्या चित्रफिती आहेत, मीच लावतो. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. म्हणाले, तुम्ही तर तेव्हा बाजारात असता.

२० जानेवारी

आता उमगले. नवी डिस्क जुनीवर उतरत आहे. वाट मीच करून दिली. एक फीत अद्याप शाबूत आहे. दवाखान्यातली. तू रडतेस आणि म्हणतेस, जेवत जा जी वेळेवर. भिंत पांढरीच आहे. तेवढी वाचली तरी —

पेटी बंद केली. दोन्ही डिस्क बाहेर काढल्या.

कुंकू दोन्हींना आहे.

२१ जानेवारी

किल्ली गळ्यातच होती. येथे कोणीही आलेले नाही. क्रमांक टिपून घ्यायला हवा होता — पुन्हा जोडून पाहण्याचे धैर्य नाही. जोडली की उतरणार, आणि ती शेवटची फीतही —

पेटीला वीज नाही, डिस्क नाही. तरी बैठकीतून तुझा आवाज येतो. थांबवू नका.

हे घर सोडतो. एकच डिस्क नेईन. दोन्ही नेल्या तर नव्या डिस्कवरची तीही सोबत येईल.

२२ जानेवारी, भैय्यालालजींची ओसरी

एक डिस्क पिशवीत आहे. दुसरी वर, निळ्या खोलीत. निवड केली. हाताला जी किंचित उबदार लागली, ती — ऊब म्हणजे तू, असे वाटले. आता वाटते, ऊब तर जी दुसरीवर उतरण्याचे काम करीत होती तिला —

रिक्षा दारात उभी आहे. भैय्यालालजी वर पाहत आहेत. विचारत आहेत, “भाऊ, वहिनी खिडकीत काहून रडून राहिल्या?”

रडून. रडणारी तूच; म्हणजे तू वर राहिलीस.

पिशवीतून कोणीतरी अगदी शांतपणे म्हणते आहे —

दाराला कुलूप लावले. गळ्यातल्या किल्लीसकट सर्व किल्ल्या भैय्यालालजींना दिल्या. त्या पुन्हा मागून घ्यायला हात पुढे करतो आहे, पण पिशवी माझा हात सोडत