कळवून केलेल्या तपासण्यांबाबत

मी, दिनानाथ विष्णुपंत कारखानीस, वय ६६, राहणार कुळगाव, बदलापूर, निवृत्त सरकारी प्रदूषण निरीक्षक व माजी नगराध्यक्ष, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपणाखाली लिहायचे ते नोकरीत भरपूर लिहून झाले.

१. कुळगावचे घर पत्नी नीलिमा हिला. तिच्यामागे मुलगा गुरुदत्त व मुलगी मीनल यांना निम्मे निम्मे.

२. भिंतीवरची मानपत्रे रद्दीत घालावीत. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द वाचला की मेल्याहून मेल्यासारखे होते. उल्हासनगरच्या सत्कार समितीने माझ्या तेराव्याला भाषण ठोकू नये. पुरे झाले!

३. कारण सांगतो. इथल्या एका रसायन कारखान्याचे सांडपाणी तपासणे हे माझे काम. आदल्या दिवशी मी फोन करायचो, "उद्या येतोय हं." दुसऱ्या दिवशी नाल्याला स्वच्छ पाणी! मी बाटली भरायचो, लाखेचे सील मारायचो, सही ठोकायचो. अठरा वर्षे. त्या मेहेरबानीत गुरुदत्तला तिथेच चिकटवले.

१९८६ साली मांजर्लीची पुतळाबाई विहिरीचे जांभळे पाणी बाटलीत घेऊन कचेरीत आली. दोन म्हशी मेल्या होत्या, भात जळाला होता. मी म्हणालो, "बाई, ह्याला सील कुठाय?" आणि बाटली परत केली. लिहिताना आजही लाज वाटते. तिचा भरपाईचा दावा माझ्याच अहवालांमुळे कोर्टात अडून बसला आहे.

४. कधीमधी न कळवता गेलो त्या दिवसांचे खरे पाणी मी खासगी वहीत तारीखवार लिहिले आहे. ती वही माझ्या मृत्यूनंतर पुतळाबाई बुधाजी ठोंबरे हिला द्यावी. हयातीत दिली तर गुरुदत्तची नोकरी जाईल.

कलम ४ रद्द. खुलासा : पूर्ण नाव विचारायला पुतळाबाईला आज दुपारी बोलावले, ते घालून कलम वाचून दाखवले. ती म्हणाली, "साहेब, तुमी कवा मरणार आन् मना कवा न्याव मिलणार? माजं वय तरी बगा."

वही तिच्या हातात दिली. कोर्टात साक्षही देईन म्हणालो. तिने चहा घेतला नाही.

गुरुदत्त सहाला कामावरून येतो. त्याला मीच सांगणार आहे, नीलिमावर ढकलणार नाही.

सही : दि. वि. कारखानीस

साक्षीदार :
१. चंदर गणपत वाघेरे, निवृत्त शिपाई
२. पुतळाबाई बुधाजी ठोंबरे, डाव्या हाताचा अंगठा

कुळगाव, १४ नोव्हेंबर १९९७, दुपारी साडेचार