भाताचा पहिला नंबर

हातखंबा
१४ डिसेंबर १९८६

प्रिय दत्ताराम,

तुझा मुंबईचा पत्ता पोस्टमन बाबूकडून मिळाला. तीन वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही, तूही नाहीस.

यंदा भातपीक स्पर्धेत तालुक्यात माझा पहिला नंबर आला. परवा रत्नागिरीला बोलावून नारळ दिला, शाल घातली, फोटो काढला. येताना एस.टी.त शाल मांडीवर घेऊन बसलो. कसली म्हणून कुणी विचारलं नाही. माझी हौसा असती तर तिने आधी स्वतःच्या अंगावर घेऊन बघितली असती. ती जाऊन दोन पावसाळे झाले. मुलगे गणपतीला येतात तेवढेच. घरी येऊन मीच चहा केला नि प्यालो.

आपली खाचरं बांधाला बांध लागून. तू चिखलणीला उतरायच्या आधी मी उतरायचो. तू शेणखत घातलंस की मी दुप्पट घालायचो. माझी लोंबी हातात धरून तू दाणे मोजायचास नि हसायचास, "महिपत, अजून माज्या मागंच हायस तू!" मी दिवसभर धुमसायचो. आता तुझ्या खाचरात कमरेएवढं गवत आहे. यंदा लावणी करताना सारखं तिकडेच लक्ष जात होतं.

त्र्याऐंशी सालच्या स्पर्धेत तुझं भात सगळ्यांत जास्त भरलं. मग तो निनावी अर्ज गेला, की तू दुसऱ्या खाचरातलं भात गुपचूप मिसळलंस. भर गावासमोर तुझ्या खळ्यात चौकशी झाली. प्रेमलावहिनी दारात उभ्या राहून रडत होत्या. काही निघालं नाही, पण तोवर बक्षीस दुसऱ्याला गेलं होतं. तू भागोजीवर, सख्ख्या चुलतभावावर, संशय घेतलास. त्याच्याशी बोलणं तोडलंस नि शिमग्याआधीच घराला कुलूप घालून मुलाकडे निघून गेलास.

काल भागोजी आला होता. त्याच्या मुलीचं, मालनचं लग्न ठरलंय, एकवीस जानेवारीला. म्हणाला, "दत्तारामाला तूच लिव. माझं पत्र तो उघडायचा नाय." मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. दत्ताराम, तो अर्ज मी केला होता. तू काही मिसळलं नव्हतंस हे मला ठाऊक होतं. मळणीला मीच तुझ्या जोडीला होतो. आज सकाळी भागोजीला सगळं सांगितलं. तो उठून गेला. तू लग्नाला ये, त्याच्या दारात ये. माझ्याकडे नाही आलास तरी चालेल. तेव्हा अर्जाखाली नाव लिहायची हिंमत झाली नाही. इथे पूर्ण नाव लिहितो.

तुझाच,
महिपत बाळू कळंबटे