खाच पडलेलं नाणं आणि आमचे व्याही

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घे, गुडघे आता वाकत नाहीत.) तुझा खोकला कमी झाला का? वहिनीला सांग, हा स्वतःहून "बरा आहे" म्हणाला तरी विश्वास ठेवू नकोस. लहानपणापासून ताप लपवायची सवय आहे त्याला. इकडे सगळे ठीक. हे रोज संध्याकाळी फिरायला जातात, म्हणजे तसं सांगून जातात. खरे कुठे जातात ते अजून कळलेलं नाही. कळेल.

तू विचारलंस की टाकसाळीत छाप चुकलेलं दुर्मिळ नाणं मिळतंय, पण मागाहून कुणीतरी त्याला भोक पाडलंय, तर घ्यावं का. दादा, याचं उत्तर एका वाक्यात देता येईल, पण नुकतं माझ्यावर जे गुदरलं ते ऐकल्याशिवाय तुला पटायचं नाही.

बाजाराच्या मागच्या गल्लीत घड्याळवाल्याला लागून जुन्या नाण्यांचं दुकान आहे. दुकानदार इतका गोड बोलतो की मी आत शिरतानाच पर्स छातीशी धरते. त्याने मखमलीच्या तुकड्यावर एक नाणं ठेवलं. एका अंगाला घोडा, दुसऱ्या अंगाला आकडा. आता साधं नाणं वहीचं पान उलटावं तसं उलटलं, तर घोडाही सरळ आणि आकडाही सरळ. याचा घोडा सरळ धरून उलटावं, तर आकडा जेवण जास्त झाल्यासारखा कुशीवर लवंडलेला! टाकसाळीत एका बाजूचा ठसा फिरला आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. अशी फार थोडी निघाली म्हणे. पण घोड्याच्या कानांच्या बरोबर वर, कडेला, एक खाच होती. कुणीतरी पकडीत धरून दाबलं असावं. "चूक टाकसाळीची, ताई, खाच नंतरची," दुकानदार म्हणाला. "चूक म्हणजे दागिना, खाच म्हणजे डाग. म्हणून तर स्वस्तात देतोय." मी मनात म्हटलं, हा डाग आपण होऊन दाखवतोय, म्हणजे याहून मोठं काहीतरी झाकतोय. भिंग लावून डोळे दुखेपर्यंत शोधलं. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर संशय दुणावला. शेवटी घेतलं. (का घेतलं, तर मी नको म्हणताच त्याने ते झटकन डबीत ठेवलं. एवढी घाई कशाची?)

घरी हे म्हणाले, "टवका उडालेला कप आपण फेकून देतो, आणि तू टवका उडालेलं नाणं विकत आणलंस." यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी नाणं आमच्या व्याह्यांना बघायला दिलं. लेकीचे सासरे ते. दातांचे डॉक्टर, पण नाण्यांचा नाद माझ्याइतकाच. त्यांनी ते ठेवून घेतलं आणि काही दिवसांनी कागदाच्या पुडीत परत दिलं. म्हणाले, "धड नाणं या जन्मी मिळेलसं वाटत नाही, तेव्हा खाच असलेलं घेतलंत ते बरंच केलंत. फक्त एक बघायचं, की ज्या पकडीने खाच पाडली तिनेच चूकही पाडली नाही ना. फिरलेला ठसा काही पकडीने होत नाही, त्यामुळे हे खरं." इथवर ठीक होतं. पण दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला नकोसं झालं, तर मला सांगा हं."

घरी येऊन पुडी सोडली. समोर आकडा होता, आणि खाच त्याच्या डोक्यावर नव्हती, कुशीला होती! माझी खाच डोक्यावर होती, हे मी झोपेतही सांगितलं असतं. म्हणजे नाणं बदललं. खोट्या दाताला खऱ्याच्या रांगेत बेमालूम बसवणाऱ्या माणसाला एका नाण्याला खाच पाडायला कितीसा वेळ लागणार? यांना सांगितलं, तर हे कधी नव्हे ते आवाज चढवून म्हणाले, "आपली लेक त्या घरात नांदतेय. तोंड बंद ठेव." रात्रभर तळमळले. लेकीचा चेहराही डोळ्यांपुढून हलेना आणि ती खाचही हलेना. सकाळी ठरवलं, तोंड उघडायचं, पण जिथे उघडायचीच रीत आहे तिथे.

व्याह्यांचा दवाखाना घराच्या पुढच्याच खोलीत आहे. मी डावा गाल धरून गेले. बेत असा, की ते दात बघतील तोवर मी त्यांचं नाण्यांचं कपाट बघेन. त्यांनी डावी बाजू पाहिली, म्हणाले, इथे काहीच नाही. पण उजवीकडची दाढ पार गेलीय, अशी कशी सहन केलीत? मी नाही नाही म्हणेपर्यंत भुलीची सुई टोचलीसुद्धा. थोड्या वेळाने दाढ वाटीत, जीभ भिजल्या गोधडीसारखी, तोंडात कापूस, आणि कपाट बंदच. नाणंही गेलं, दाढही गेली! विहीणबाई पाणी घेऊन आल्या, मागे लेक उभी. माझा तोल सुटला. मी उभी राहून ओरडले, "तुम्ही माझं नाणं बदललंत!" बाहेर पडलं ते असं: "उम्ई आं न्हाआं बअअंत!"

व्याह्यांचा चेहरा उजळला. "न्हाणी? हो हो, बदलली! तुम्हाला कुणी सांगितलं?" विहीणबाईंनी तर माझा हात धरून नवीन न्हाणीघरात नेलंच. पांढऱ्या फरश्या, चकचकीत नळ, भिंतभर आरसा. "इथेच चूळ भरा, तुमच्या हाताने उद्घाटन," म्हणून त्या बाहेर गेल्या. मी चूळ भरली आणि पुरावा म्हणून त्यांच्यापुढे आपटायला पर्समधून नाणं काढलं. घोडा माझ्याकडे, खाच कानांच्या वर, जिथल्या तिथे. आणि आरशात त्याच नाण्याची दुसरी बाजू: आकडा कुशीवर लवंडलेला, म्हणून तीच खाच त्याच्या कुशीला. दादा, ज्या चुकीसाठी मी नाणं घेतलं, नेमकी तीच चूक मी विसरले होते.

बाहेर आले तेव्हा डोळे भरले होते. व्याही-विहिणींना वाटलं, न्हाणी आवडली. लेक मात्र दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "आई, नाणं सापडलं का?" तिला सगळं समजलं होतं. मी मान हलवली. "मग आता घरी जा," ती म्हणाली. "माझे सासरे कालपासून सगळ्यांना सांगताहेत, विहीणबाईंचं नाणं म्हणजे रत्न आहे." इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

तेव्हा, चूक खरी असेल आणि धड नाणं मिळण्यातलं नसेल, तर खाचेसकट खुशाल घ्यावं; फक्त डागाचा भाव डागाइतकाच द्यावा. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो तपासून बघू नकोस.

तुझी धाकटी बहीण

ता. क. तुझं ते भोकाचं मात्र घेऊ नकोस. भोक पाडताना नेमका कुठला भाग उडवला, कोण जाणे.

ता. क. २. तू लिहिलंस ना, तुझा तिथला दुकानदार म्हणाला की एक डॉक्टरही त्या भोकाच्या नाण्यावर डोळा ठेवून आहेत? कसले डॉक्टर? अंगाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता का, ते विचार. येत असेल, तर ते नाणं आजच्या आज माझ्यासाठी घेऊन टाक.

ता. क. ३. पत्र खरं यासाठी लिहिलं. "नकोसं झालं तर मला सांगा" असं व्याही का म्हणाले, ते अजून कळलेलं नाही. मला पुन्हा जाता येत नाही, उरलेल्या दाढा मला जेवायला लागतात. तू ये. काम करताना ते खूप बोलतात. तुझं काही दुखत नसलं तरी हरकत नाही, ते शोधून काढतात.