आंबट बंद

८ एप्रिल २०२५

खोकला कालच्यापेक्षा कमी. रचनाला — माझी नात, अकरा वर्षांची — कवितेची ओळ एका दमात म्हणता येते का, हे मी रोज सकाळी बघतो. आज यतीपर्यंत, म्हणजे ओळीतल्या मधल्या थांब्यापर्यंत पोचली, पुढं अडकली. डॉक्टरांकडं फुंकायचं यंत्र आहे. माझ्याकडं वृत्त.

मी शिकवायचो त्या चौथीच्या वर्गात साठ पोरं एका सुरात म्हणायची तेव्हा कौलं थरथरायची. निदान आता तसं आठवतं.

१० एप्रिल

मुलाला, श्रीपादला, नि सूनबाईला रजा नाही. दवाखान्यात मीच गेलो. डॉक्टरबाई धारवाडकडच्या, पण माझ्याशी मराठीत बोलतात. कागदावर चित्र काढलं. पेशीच्या भिंतीत एक दार, त्यातून मिठाचा अंश जातो-येतो. रचनाच्या आजारात — सिस्टिक फायब्रोसिस — ते दार जन्मापासून बिघडलेलं. म्हणून छातीतला कफ घट्ट. मग म्हणाल्या, "मास्तर, आतली ॲसिडिटी बदलली तरी या दाराच्या उघडझापेवर परिणाम होतो. अभ्यास चाललाय त्यावर."

पुढं विचारणार, तोवर दुसरा पेशंट आत आला.

ॲसिडिटी. एवढ्या वर्षांत त्यांचा हा एक शब्द मला कळला. मला स्वतःला चाळीस वर्षं आहे.

११ एप्रिल

आंबट बंद.

शाळेला सुट्टी लागली. सूनबाई मच्छे गावच्या कारखान्यात जाते, उशिरा येते. दोन्ही वेळा रचनाला मीच वाढतो. माझ्या रक्तदाबापायी घरात स्वयंपाक अळणी, म्हणून तिच्या ताटाला कैरीचं लोणचं नि मीठ घातलेलं ताक ठेवलेलं असतं. लाड, दुसरं काय. लोणचं परत बरणीत घातलं. ताक शेजारी गुणाबाईंना दिलं. हातमाग थांबवून म्हणाल्या, "ताक वाटताय मास्तर, सुनंनं घरातनं काढलं काय तुमाला?" कारण सांगितलं. "मग बेस केलासा. आंबटानं खोकला वाढतोयच की."

रचना म्हणाली, "आजोबा, पण आई म्हणते —"

"आईला मी सांगतो. तू माझ्याखातर खाऊ नको."

लोणच्याशिवाय जेवली. सूनबाईला ना तिनं सांगितलं, ना मी.

१९ एप्रिल

पुरी ओळ एका दमात! गुण आला. दिवसभर तीच ओळ माझ्या तोंडात.

२६ एप्रिल

ऊन वाढलंय. ओळ आज अर्धीच. दमली असेल.

२ मे

लिहायचं म्हणून लिहितो.

दुपारी रचना खेळून आली, घामानं निथळत. पोटऱ्यांत गोळे येताहेत म्हणाली. उलटी झाली. मग हाक मारली तर बघेना. गुणाबाईंनी रिक्षा आणली.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "अंगातलं मीठ उतरलंय. या मुलांचं घामातनं फार जातं. खारट काय खाते?"

"काही नाही. लोणचं, ताक मी बंद केलं."

"का?"

"तुम्ही ॲसिडिटी म्हणालात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, ती पेशीच्या आतली हो. लोणच्याचा तिथं काय संबंध?"

मी व्हय म्हणालो. काही वाटलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान अजून एप्रिलचंच होतं. ते बघत बसलो.

३ मे

रचनानं डोळे उघडले. धोका टळला म्हणतात. श्रीपाद म्हणाला, "आप्पा, इथनं पुढं तिच्या ताटाकडं बघायचं नाही तुम्ही." सूनबाई माझ्याकडं पाठ करून रचनाची चादर सारखी करत राहिली. बोलली असती तर बरं होतं.

५ मे

काही नाही.

७ मे

घरी आणली. सूनबाईनं रजा काढली आहे. संध्याकाळी रचना आपणहून माझ्या खुर्चीशी येऊन बसली. विचारलं, "आईला सांगितलं का नाहीस गं?"

म्हणाली, "मला ठाऊक होतं आजोबा. मीठ कमी पडलं की काय होतं, ते डॉक्टरबाईंनी मला मागंच सांगितलेलं. पण तुम्ही किती खूश होता. माझ्या आजारातलं पहिल्यांदाच तुम्हाला काहीतरी कळलं म्हणून."