ढगातला चर आणि घरातला केर

आये, तुला लिहायला बसलोय हे शेजारी कळलं तर म्हणतील, म्हातारा एकटा राहून बिघडला. म्हणू देत. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता पाठवायला पत्ताही नाही, म्हणजे मनाला येईल ते लिहायला मी मोकळा. रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीतल्या त्याच घरात बसलोय, जिथे शेवटी शेवटी तू माझ्याकडे राहिलीस. तुझी सून इथे नाही. ती लेकीकडे परदेशात गेली आहे, त्याला आता वर्ष होत आलं. लेकीचं बाळंतपण उरकून सहा महिन्यांत येणार होती. ते सगळं सांगतोच, पण आधी माझा नवा नाद ऐक.

मी हल्ली विमानं बघतो. हसू नको. कंपनीत जन्मभर शिफ्ट केल्या, तेव्हा वर बघायला सवड कुठे होती? आता सवडच सवड आहे. रविवारी सकाळी रोह्याहून गाडी धरतो आणि पेणच्या पुढे जिते स्टेशनला उतरतो. पनवेलकडे नवा विमानतळ झाल्यापासून तिथे विमानं चांगली खालून जातात. शेताच्या बांधावर पेणच्या शाळेतली एक बाई येते, गळ्यात भलामोठा कॅमेरा आणि पिशवीत पोह्यांचा डबा. तिलाही हाच नाद. कुठलं विमान कुठून आलं ते तिला फोनवर दिसतं, आणि मला काका म्हणून हाक मारत ती ते सगळं सांगत बसते. खरं सांगू का, मला कुठलं विमान कुठलं, यातलं काही कळत नाही. पण दुसऱ्या माणसाशेजारी बसून डबा खायला मिळतो, ते काय कमी आहे?

चैत्रातली गोष्ट. सकाळी खाडीकडून खालचे पातळ ढग येतात ना, तसे आले होते. एक मोठं विमान त्या ढगांना घासून गेलं. मी मान वळवून त्याच्याच मागे बघत होतो, तर बाई म्हणाली, "काका, विमान सोडा. ते गेलं. आता ढगाकडे बघा." बघतो तर काय, ढगात मधोमध सरळ चर पडलेला, आणि चराच्या दोन्ही कडा हळूहळू वर येऊन आत वळायला लागलेल्या. तू निखाऱ्यावर पापड धरलास की त्याच्या कडा वळायच्या ना, अगदी तश्शा. विमान कधीच डोंगराआड झालं होतं, आवाजसुद्धा नव्हता, आणि ढग आपला गुंडाळतोच आहे. मी म्हटलं, "आयला, हे काय?" ती म्हणाली, "विमान जातं, पण त्यानं ढवळलेली हवा मागे राहते. एरवीही असतेच, दिसत नाही. ढग होता म्हणून दिसली. मोठ्या विमानामागे लगेच दुसरं सोडत नाहीत ते याच्यासाठीच. मागचं लहान असेल तर पार उलटंपालटं व्हायचं." मी विचारलं, मग किती थांबवतात? "दोन-तीन मिनिटं. हवा निवेपर्यंत." एवढंच? असं मी इतक्या जोरात म्हणालो की ती कॅमेरा खाली करून माझ्याकडे बघायला लागली.

तिला काय सांगणार, आये? मला तू आठवलीस, हातात केरसुणी घेतलेली.

आपलं ते पेणच्या खाडीकाठचं घर. बाबा मिठाच्या हंगामाला लांबच्या आगरावर जायचे, आणि ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत तू घरात केरसुणी लावू द्यायची नाहीस. घरातलं माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढू नये, हे सगळीकडेच पाळतात. इतर बायका माणूस नजरेआड झालं की कामाला लागायच्या. तुझं तसं नाही! माणूस वाटेत आहे तोवर त्याच्या मागचं झाडायचं नाही, म्हणजे नाहीच. मिठागरावर काम करताना वरून विमानं जायची, तेव्हा तर ती ठिपक्याएवढी दिसायची, तरी तू फावडं टेकून वर बघायचीस आणि म्हणायचीस, "बघ रे, आज किती लोकांच्या घरात केर तसाच पडला असंल."

एका हंगामात बाबांचा निरोप आलाच नाही. दारात पाचोळा, चुलीपाशी राख, कोपऱ्यात भाताचा कोंडा. शेजारीण दारातून ओरडते, "अगो, घरात भात पेरतंस काय?" तू आपली केरावरून पाय टाकत चुलीकडे. मला तुझी दया आली, म्हणून तू पाण्याला गेलेली बघून मी केरसुणी उचलली आणि चुलीपासून सुरुवात केली. तू दारात उभी राहिलीस, डोक्यावर हंडा तसाच. मग हंडा उतरवलास, केरसुणी माझ्या हातातून ओढलीस आणि तिनंच मला बडवलंस. "बाबा वाटंत हाय ना तुजा! वाटंत हाय ना!" एवढंच म्हणत होतीस आणि मारत होतीस. नंतर मी झाडलेला केर तू सुपात भरून आणलास आणि होता तिथे परत पसरलास. आता हसू येतं, पण तेव्हा तू राखेची चिमूटनचिमूट जागच्या जागी ठेवलीस. आणि मग एके दिवशी बाबाच दारात हजर, खांद्यावर घोंगडी. म्हणतात कसे, "निरोप द्यायचा र्‍हायला गो." तू पदर खोचलास आणि सगळं घर झाडून काढलंस, आणि झाडता झाडता रडलीस. बाबा बिचारे पाय वर घेऊन बाजेवर बसलेले.

आणि तू गेलीस तो दिवस. मी मडकं धरून पुढे निघालो, तुला उचलून मागून आणत होते. अंगणाच्या बाहेर पाऊल टाकतोय तर मागे घरात केरसुणीचा आवाज. खर्र, खर्र. म्हाताऱ्या बायकांनी सुनेला सांगितलं होतं, गेलेल्या माणसामागे लगेच झाडायचं असतं, ते परत यायचं नसतं. रीतच आहे, मला का माहीत नव्हती? पण आये, तू अजून गल्लीसुद्धा ओलांडली नव्हतीस गं. मला मागे वळून ओरडायचं होतं, थांबा, ती वाटेत आहे! मडकं धरलेल्या माणसाला मागे बघता येत नाही. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

तर सून निघाली त्या दिवशी मी तिला विमानतळावर सोडून घरी आलो. ओट्यापाशी तिनं घाईत किसलेल्या खोबऱ्याचा चुरा, पलंगाखाली तिच्या गजऱ्यातून गळलेल्या अबोल्या, सामान बांधलं त्या सुतळीचे तुकडे. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, पोचले. म्हणजे मी झाडायला हरकत नव्हती. मी बाकीचं घर झाडलं, पण पलंगाची ती खोली काही झाडली नाही. ती तिकडे पोचली, मान्य. पण माझ्या हिशेबानं ती घरी येईपर्यंत वाटेतच. बाळ झालं, सहा महिने सरले, लेकीची नोकरी परत सुरू झाली, आणि परतीचं एकदा पुढे गेलं, मग पुन्हा पुढे गेलं. मी आपला पलंगाखालच्या वाळलेल्या अबोल्या सांभाळत बसलोय.

महिन्यापूर्वी व्हिडिओवर बोलताना फोन हातातून निसटला आणि तिला पलंगाखालचं दिसलं. "अहो, ते काय? तुम्ही या खोलीत झाडतच नाही की काय?" मी म्हटलं, कंबर दुखते. तुझ्या हाताखाली राहिलेली बाई ती, तिला कळायला कितीसा वेळ? मग हळूच म्हणाली, "मी इतक्यात नाही येणार हो. पोरीला एकटीला नाही जमणार. खोटं कशाला सांगू? झाडून टाका ते. आणि तुम्हीच या इकडे." झाडून टाका म्हणाली ना, तर माझ्या कानात तीच खर्र खर्र. मी रागानं फोन ठेवला. घर कोण बघणार, पाण्याचं काय, थंडी मला सोसत नाही, सगळी कारणं मी पूर्वी सांगून झालेली. रिकाम्या घरात माणूस किती वेळ रागावणार? चहा केला, दोन कप ओतले गेले. दुसरा कप निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसलो आणि मग मीच फोन लावला. म्हटलं, पोरीला सांग, तिकीट काढ.

व्हिसा, तिकीट सगळं झालं, उद्या निघतोय. बाईला जित्याच्या बांधावर सांगितलं, तर तिला मेलीला केवढा आनंद. म्हणाली, "काका, पंखाच्या मागची खिडकी मागा. ढग लागले तर त्याच्या कडा वळताना बघायला मिळतील." मी हो हो म्हटलं. आज सकाळी ती खोलीही झाडली. आता बायकोची वाट इथे बसून बघायची नाही, मीच जातोय. केर हातानं भरला, अबोल्या तेवढ्या वेगळ्या काढून पाकिटात ठेवल्या. आवाज झालाच, पण या वेळी केरसुणी माझ्या हातात होती.

हे पत्र टाकणार कुठे? घडी करून दाराआडच्या केरसुणीखाली ठेवतो. एक मात्र तुला सांगतो, बायकोला सांगितलेलं नाही आणि बाईला तर नाहीच. मला भीती वाटते. इतकी विमानं बघितली, पण आत कधी बसलो नाही. विमान पडेल याची भीती नाही गं. उद्या मी कुलूप लावून निघालो की या घरात माझ्या मागे केर तसाच ठेवून बसणारं कोणी नाही. म्हणून तुझ्या मागे लागलोय, लहानपणी लागायचो तसा. तू आहेस तिथे असशील तशी अस, पण मी पोचेपर्यंत झाडू नको.