पाडव्याला वाचायचा कागद

८ जानेवारी, गुरुवार

पुण्याच्या ट्रस्टचं उत्तर आलं. दोन ओळी. ‘आमचे कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरते मर्यादित आहे.’ घ्या! शाळा मराठी, पोरी मराठी, आमी भांडतो तेही मराठीत, पण पैनगंगेच्या अलीकडं, तेलंगणात राहतो हा आमचा गुन्हा.

मग इकडच्या एका फाउंडेशनचा फॉर्म उघडला. शिक्षणाचं माध्यम निवडा: तेलुगू, उर्दू, इंग्रजी. चौथा पर्याय नाही. तेलुगूवर बोट ठेवलं तर पुढचा प्रश्न, मग मुलींना वेगळं तेलुगू शिकवायची गरज काय? काय सांगू याला, कपाळ? इकडे आड, तिकडे विहीर.

१५ जानेवारी, गुरुवार

आमच्या तेलुगू वर्गाच्या सुजाताबाई तिळगूळ घ्यायला आल्या. आदिलाबादच्या एका खासगी शाळेनं त्यांना बोलावलंय. आपल्या तुटक्या मराठीत म्हणाल्या, “जूनपर्यंत मी थांबते. मग नाही जमणार, वंदनाताई.” बाईंचं चूक नाही. जुन्या देणगीदारांचे पैसे दिवाळीला संपले, तेव्हापासून त्या रोज पहिल्या बसनं येतात, ते फक्त पोरींच्या तोंडाकडं पाहून.

त्या गेल्या की वर्ग गेला. दुसरी तेलुगू मास्तरीण या खेड्यात कुठून आणू?

हे म्हणतात, “झेपत नाई त सोडून दे ना मंग.” सोडू कशी? आमच्या संस्थेच्या नोंदणीवर सचिव मी, बँकेत सही माझी, शिक्का माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, साबणाच्या वड्यांशेजारी. बाकीचे सहा सभासद वर्षातून एकदा चहा पिऊन सही करतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२० जानेवारी, मंगळवार

हैदराबादच्या एका कंपनीच्या ट्रस्टकडं प्रस्ताव पाठवला. सगळं खरं लिहिलं. गावात मराठी शाळा सातवीपर्यंत. आठवीला तलमडुगूच्या तेलुगू हायस्कूलमध्ये जावं लागतं. तिथं पोरींना फळ्यावरचं कळत नाही, लाजतात, दिवाळी येता येता शाळा सोडून घरी बसतात आणि मग कापूस वेचायला. म्हणून आमचा सकाळचा तेलुगू वर्ग, दुकानाशेजारच्या खोलीत, सात ते नऊ. अकरा पोरी. मागच्या तीन वर्षांत आमच्याकडची एकही पोरगी घरी बसली नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना ऊर भरून आला माझा.

‘टिकाऊपणा: निधी संपल्यावर प्रकल्प कसा चालेल?’ मनात आलं, लिहावं, जसा आता चालून राह्यलाय तसा. देवाच्या भरवशावर. नाही लिहिलं.

२९ जानेवारी, गुरुवार

ट्रस्टच्या साहेबांचा फोन. माणूस गोड बोलतो. “मॅडम, आपने सब अच्छा-अच्छा लिखा है। प्रॉब्लम किधर है? एक बच्ची की कहानी डालिए। घर कैसा था, बाप कैसा था। पढ़ने वाले का दिल हिलना चाहिए।” रविवारपर्यंत पुन्हा पाठवा म्हणाले.

जेवताना सांगितलं. मामंजी हसले. त्यांचे वडील पटवाऱ्याकडं कारकून होते. “दरखास्त अशीच असते, सूनबाई. उभं राहून लिवली का फाडून फेकतात. वाकून लिवा लागते.”

१ फेब्रुवारी, रविवार

रेणुकाची कहाणी लिहिली. किसनभाऊची धाकटी, आठवीत. हुशार. सुजाताबाईंशी तेलुगूत भांडते आता ती. किसनभाऊ वांगी-मेथीवाले, दर बाजाराला माल नेतात, येताना माझ्या दुकानातून चहापत्ती नेतात. साधा सरळ माणूस.

लिहून पाहिलं तर कहाणीत काहीच नव्हतं. बाप कष्टाळू, आई कष्टाळू, घर कवेलूच्या छपराचं. कोणाचं दिल हिलणार?

घर गळतं असं लिहिलं. बरं दिसलं. मग लिहिलं, आई आजारी. मग बोटं थांबली आणि मग लिहिलंच, इंग्रजीत. ‘तिचे वडील रोज दारू पितात.’

नाव बदलून ‘आर.’ केलं. कोण वाचतंय आमच्या गावात इंग्रजी? पाठवला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

साहेब बुधवारी १८ ला पाहायला येणार. ‘आर.’च्या घरी जायचंय त्यांना!

दुसरं घर दाखवावं म्हटलं तर वय, वर्ग, दोन बहिणींतली धाकटी, सगळं लिहून बसले. धावत शांताबाईकडं गेले, किसनभाऊच्या बायकोकडं. म्हटलं, “हे बघा, पाहुणे येणार आहेत, पण काही करू नका. घर जसं हाय तसंच राहू द्या.”

“अवो माय! हैदराबादचा पाहुणा आन घर तसंच? लोकं थुकतीन ना आमच्यावर.”

किसनभाऊ आतून म्हणाले, “वैनी, तुमी नका कायजी करू. मास्तरीण राह्यली पायजे आपली.”

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं आणि दारातल्या तुळशीबद्दल काहीतरी बोलून परत आले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

शांताबाईनं सगळ्या भिंतींना चुना मारला होता. दाराला आंब्याचं तोरण. सात घरच्या सात खुर्च्या. पुरणपोळी, वर तुपाची धार. अर्धं गाव ओसरीवर. मी मनात म्हटलं, संपलं. हे घर पाहून कोण पैसे देतं? खरं सांगते, बरंही वाटलं. नाही म्हणून जातील, सुटेन एकदाची.

रेणुका साहेबांशी फडाफडा तेलुगूत बोलली. खूश झाले. जेवण झालं. मग साहेबांनी कागद काढला, चष्मा लावला आणि किसनभाऊच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, विचारलं, “भैया, अब पीना कुछ कम हुआ?”

ओसरीवरच्या सगळ्या माना किसनभाऊंकडं वळल्या.

किसनभाऊंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी कागदाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. जमिनीवर पुरणाचा एक कण पडला होता, तोच पाहत बसले.

“हौ साब,” किसनभाऊ म्हणाले. “कम किया.”

ज्या माणसानं जन्मात थेंब शिवला नाही, तो अख्ख्या गावासमोर असं म्हणाला. वर साहेबांना आणखी एक पोळी वाढली.

साहेब भिंतीकडं पाहून मला म्हणाले, “देखिए, बाप ने पीना कम किया तो घर भी सुधर गया। यही तो असर है आपकी क्लास का।” सगळ्या घरादाराचा फोटो घेतला. चुन्याच्या भिंतीसमोर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चहाच्या टपरीवर पोट्टे किसनभाऊंना म्हणतात, “काय भाऊ, किती कमी केली?” यांनी ऐकलं. किसनभाऊ हसून पुढं गेले म्हणे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ते आता दुसऱ्या दुकानातून चहापत्ती नेतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रेणुका तीन दिवस वर्गात नाही. आज नळावर भेटली.

“काकू, माह्या बाबाले तुमी काऊन असं लिवलं?”

“तुझ्यासाठीच लिहिलं ना.”

तिनं घागर उचलली आणि गेली. तुझ्यासाठीच! हे वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं? थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. अकरा पोरींसाठी वर्ग आणि जिच्या नावावर पैसे मागितले तीच घरी.

१२ मार्च, गुरुवार

मंजूर. दोन वर्षांसाठी. सुजाताबाईंचं पूर्ण मानधन, पुस्तकं, खोलीला पंखे. मेल तीनदा वाचला.

सुजाताबाई रडल्या. मामंजींनी पेढे वाटले. ज्याची वाट पाहून डोळे गेले ते आलं आणि मला दुकानाचं शटर ओढून आत बसावंसं वाटून राह्यलंय.

खाली आणखी एक ओळ आहे. ‘आर.’ची कहाणी आणि फोटो ते आपल्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापणार. वडिलांच्या सहीचं संमतीपत्र २० तारखेपर्यंत पाठवावे, त्यानंतर करार होईल.

म्हणजे आता मीच जाऊन त्यांची सही मागू. कोणत्या तोंडानं?

१४ मार्च, शनिवार

साहेबांना खरं कळवायचं म्हणून मेल लिहिला. ‘आदरणीय महोदय, माझ्याकडून एक चूक…’ पुसला. चूक कशाची, मी तर मुद्दाम लिहिलं. खरं सांगितलं तर पैसे जातील, सुजाताबाई जातील, दहा पोरी घरी बसतील. नाही सांगितलं तर किसनभाऊ पुस्तकात दारुडे म्हणून छापले जातील, कायमचे. एकीकडून दार उघडावं तर दुसरीकडून भिंत.

पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला.

१६ मार्च, सोमवार

मी गेले नाही, तेच आले. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मेथीच्या दोन जुड्या काउंटरवर ठेवल्या.

“सही पायजे म्हणे तुमाले.” सुजाताबाईंनी सांगितलं असणार.

“हो.”

“कायच्यावर सही, ते वाचा पयले. मराठीत.”

वाचलं. एकेक ओळ मराठी करून. घर गळते. ते म्हणाले, “कवेलू मी सोता फेरले, दसऱ्याले.” आई आजारी असते. त्यांनी मेथीची जुडी सरळ केली. मग ती ओळ. दारूची. तीही वाचली.

“माह्या बापानं बी नाई शिवली कधी,” म्हणाले. रागानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “चुकलं माझं, किसनभाऊ. पाया पडते.”

“पाया नका पडू. तवा मी नाई म्हटलं असतं, त मास्तरीण गेली असती. म्हणून हौ म्हटलं. आता सही बी देतो. पण त्या दिवशी अर्धं गाव होतं. पाडव्याले मारुतीपुढं पंचांग वाचतात, तवा सारं गाव असते. त्याच्या मांगून हा कागद वाचा तुमी, असाच मराठीत. आन सांगा, कोणी लिवला ते. मंग तिथंच सही करतो.”

“गावात वाचलं की बातमी बोथ गावाला जाईल, किसनभाऊ. ट्रस्टचा माणूस तिथंच राहतो. साहेबांच्या कानावर गेलं तर सगळं…”

“ते तुमी पाहा,” म्हणाले. दारात थांबले. “रेणुकीले म्या काई शिकवलं नाई. पण ती पोट्टी आपल्या बापाले वळखते.”

मेथी तशीच काउंटरवर. शिजवायची हिंमत नाही, फेकायचीही नाही.

१८ मार्च, बुधवार

यांना सांगितलं. म्हणतात, “ताप आला म्हण.” रात्रीची गोळी घेताना मामंजी एवढंच म्हणाले, “वाकून लिवा म्हटलं होतं, सूनबाई. दुसऱ्याले वाकवून नाई.”

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

सकाळी गुढी उभारली. सुजाताबाईंनी डब्यातून त्यांची उगादी पच्चडी पाठवली, कडू-गोड-आंबट सगळं एकत्र. खाल्ली. कडूच लागली.

पंचांग सुरू झालंय. देवळातला भोंगा दुकानापर्यंत ऐकू येतो. महाराज एकेक रास घेऊन राह्यले, आय किती, व्यय किती, मान किती, अपमान किती. माझी रास येऊन गेली. मान दोन, अपमान सहा. शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, “यंदा जपून रायजो वो, वंदना.” हसू आलं, खरंच.

मराठी करून कागद लिहून ठेवलाय, दीड पान. शेवटी माझं नाव. चष्मा घेतला. संमतीपत्र घेतलं. शिक्काही घेतला, कशाला कोण जाणे.

वाचणार आहे. एवढं ठरलं. साहेबांना मी स्वतः कळवायचं, की बोथहून कळेपर्यंत वाट पाहायची, ते…

रेणुका आली दारात. महिन्याभरानं या दुकानाची पायरी चढली. पायात नवीन चप्पल, केसात फूल.

“काकू, मीन रास झाली. बाबा म्हणे, आता तुमची बारी.”