सातवं कलम

ता. ४ जून

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

महत्त्वाचं काही असलं की तू फोनवर ऐकून घेत नाहीस, लिहून कळव म्हणतेस; म्हणून हे पत्र. आमच्या ऑनलाइन दुकानाला तीन महिने झाले. मुलांसाठी लाकडी चित्रकोडी करतो. मी चित्रं काढते. भिंगरी ती पातळ प्लायवर चिकटवून करवतीने त्यांचे तुकडे करते, फोटो काढते, गिऱ्हाइकांना उत्तरं देते. परवा एका बाईंच्या डब्यात बदकाची मानच निघाली नाही, तर तिने नुसती मान कापून पाठवली.

बाबांचं मात्र सुरू झालंय, की भागीदारी आहे तर कागद हवा, आत्याला विचार. मला हसू येतं. आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या. खोली तिच्या घरातली, टेबल माझं. एवढ्याशा धंद्याला करार म्हणजे मुंगीला लगाम! आणि कागद पुढे केला तर तिला काय वाटेल? तूच बाबांना समजाव.

तुझी लाडकी (असं मी समजते),
छोटी

ता. १२ जून

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबाला समजावणार नाही. जन्मात पहिल्यांदा तो शहाण्यासारखं बोललाय. मी एकतीस वर्षं वकिलाच्या कचेरीत कागद टाइप केले. भांडायला आलेला प्रत्येक जण सुरुवात एकच करायचा, की आम्ही अगदी सख्ख्या भावांसारखे होतो. सख्खे भाऊ यायचे ते तसं म्हणायचे नाहीत. ते लांबलांबच्या बाकांवर बसायचे.

धंदा लहान म्हणून भांडण लहान होत नाही. तुमच्या दुकानाला तर दारही नाही, की कुलूप घालून किल्ली कनवटीला लावली. जिच्याकडे पासवर्ड, तिचं दुकान. तो कुणाकडे आहे, एवढं स्वतःला विचार.

सोबत मसुदा पाठवते. सातवं कलम नीट वाच. जी भागीदारी सोडेल तिने सहा महिने आधी लेखी कळवायचं, झालेली चित्रं दुकानातच ठेवायची, आणि पुढे वर्षभर दुसऱ्या कुणासाठी असलं काम करायचं नाही. हे मी खास भिंगरीकडे बघून लिहिलंय. मुलगी गोड असेल, पण तिचा पाय एका जागी ठरायचा नाही, नावच सांगतंय. तू पडलीस भोळी.

जेवण वेळेवर करत जा.
तुझी आत्या

ता. २ जुलै

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

झालं तुझ्या मनासारखं. कागद पुढे केला तेव्हा भिंगरीने करवत थांबवली. मग विचारलं, की मी तुझं काय पळवून नेणार आहे असं तुला वाटतं. मी म्हटलं, नुसती पद्धत आहे. तिने न वाचता सही ठोकली, वर पडलेला भुसा फुंकला आणि पुन्हा कामाला लागली. दोन दिवस कामापुरतंच बोलली.

खरं सांगायचं तर मीही वाचला नाही. तू लिहिलायस म्हटल्यावर काय वाचायचं?

आता तरी खूश राहा.
छोटी

ता. १९ जानेवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. खेळणी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने माझी बदकं पाहिली आणि मला चित्रकार म्हणून बोलावलंय! एक तारखेला रुजू व्हायचंय. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

काल तुझा कागद पहिल्यांदा वाचला. आत्या, एवढ्याशा धंद्यात इतकं जाचक कलम कुणी घालतं का? सहा महिने! वर्षभर काम नाही! भिंगरीला अजून काही बोलले नाही. इतकी वर्षं कचेरीत काढलीस, एखादी पळवाट तुला ठाऊक असेलच. लगेच लिही. बाबांना कळू देऊ नकोस.

काळजीत असलेली,
छोटी

ता. २३ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कलम चारदा. पळवाट नाही. हे कळल्यावर आधी अभिमान वाटला, मग लाज. दुसरीच्या लेकीसाठी सापळा लावला, त्यात माझीच भाची सापडली. भिंगरीबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेते.

एकच रस्ता आहे. दोघींनी मिळून ठरवलं तर कुठलंही कलम बदलता येतं. पण त्यासाठी तिच्यासमोर उभं राहून खरं सांगावं लागेल. मेसेज करू नकोस, जा.

बाबाला मीच सांगितलं. माझ्या पोटात राहिलं नाही.

आशीर्वाद आहेतच; धीर तुझा तू गोळा कर.
आत्या

ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

आपण भेटलेलो नाही. तुमचा पत्ता मसुद्याच्या पाकिटावर मिळाला. मी भिंगरी.

छोटी सांगायला आली तेव्हा मी हरणाचं शिंग कापत होते. ते तुटलं. तिने पाठ करून आणलेलं भाषण सुरू केलं आणि मध्येच रडायला लागली. मी कपाटातून करार काढला आणि पहिल्यांदाच वाचला, अक्षर न् अक्षर. माझ्यापासून तिला वाचवायला लिहिलेला कागद, आणि त्यातली एकूण एक ओळ माझ्या बाजूने! इतक्या रागातही हसू आलं.

मी तिला एकच विचारलं. हा कागद नसता तर तू इथे आली असतीस, की एक तारखेला नुसता मेसेज आला असता? ती म्हणाली, माहीत नाही. खोटं बोलली नाही, म्हणून मी सोडलं. सहा महिन्यांच्या जागी सहा दिवस लिहिले, वर्षाची अट खोडली, झालेली चित्रं दुकानाला ठेवली. दोघींनी सह्या केल्या. तिची रिकामी खुर्ची डोळ्यांत सलते, म्हणून त्या खुर्चीवर प्लाय रचून ठेवलाय.

आता काम पुढे न्यायला हवं. माझी मावसबहीण चित्रं छान काढते, ती यायला तयार आहे. करार करू म्हटल्यावर ती फुगून बसली आणि आई म्हणाली, की घरच्या माणसाकडे कागद मागताना जीभ कशी रेटते. तरी मसुदा करून द्याल का? जमलं तर याच आठवड्यात पाठवा. ती रागावलेली आहे तोवर मला मागता येईल. एकदा गोड बोलायला लागली की लाज वाटेल.

लोभ जडावा, आणि त्याला मुदत नसावी.
आपली,
भिंगरी